मिनॉक्सिडिल ५%, मेनोपॉजनंतरच्या पातळ केसांसाठी : सात-आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगते, मिनॉक्सिडिल म्हणजे टाळूवर लावायचं औषध, त्याने कॉलेजातली वेणी वगैरे परत येत नाही. भांग आणखी रुंद व्हायचा थांबला आणि कडेने थोडे नवीन केस आले, एवढंच, पण मला तेवढ्यात पैसे वसूल वाटले.

पाळी जायच्या आगेमागे सुरू झालं. झुपकेच्या झुपके गळत नव्हते, फक्त मधला भांग फाकत चाललेला आणि रबरबँडचे वेढे वाढलेले. स्किनवाल्या मॅडम म्हणाल्या की इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) उतरलं की केसाचा वाढायचा काळ आखडतो आणि अँड्रोजेनचा (पुरुषी हार्मोनचा) जोर तुलनेने वाढतो, मग गळलेल्या केसाच्या जागी येणारा केस आधीपेक्षा बारीक येतो, असं करत करत टाळू दिसायला लागते. पण बाटली लिहून द्यायच्या आधी त्यांनी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची टेस्ट करायला लावली, कारण पाळी जाण्याआधी बऱ्याच जणींना खूप अंगावरून जातं आणि लोह तळाला जातं, ते तसंच ठेवून वरून कितीही लावा. आणि हो, बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या व्हिटॅमिनच्या) गोळ्या खात असाल तर टेस्टच्या आधी सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट त्याने चुकीचा येऊ शकतो.

आता खरी परीक्षा. लावायला लागल्यावर काही आठवड्यांनी केस जास्तच गळतात!! फरशीवर, उशीवर, डाळीत सुद्धा. सुस्तावलेले जुने केस बाहेर ढकलले जातात म्हणून होतं ते, साधारण दोन महिन्यांत ओसरतं, पण माझ्या ओळखीतल्या बहुतेकींनी इथेच बाटली कचऱ्यात टाकली आणि वर "त्याने केस गेले" असं सांगत फिरतात. चौथ्या महिन्यानंतर भांगाच्या कडेला आखूड ताठ केस दिसले, सासूबाई म्हणाल्या हे काय गवत उगवलंय.

वैताग पण आहे. पातळ औषधाने डोकं चिकट आणि खाज, त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल (औषध विरघळवायचं द्रव) असतं ते काहींना सोसत नाही, मग मॅडमना विचारून फोम घेतला, तो महाग आहे पण दिवसातून एकदाच लावायचा आणि लगेच वाळतो. कोरड्या टाळूवरच लावायचं, त्यामुळे रोज तेल चोपडणं बंद, आईला ते अजून पटलेलं नाही. झोपायच्या दोन-तीन तास आधी लावा आणि हात धुवा, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागून गालावर लव येते, मला कानशिलाजवळ आली होती.

सोडलं की काही महिन्यांत होतं तिथे परत, म्हणजे महिन्याच्या किराण्यात ही बाटली कायमचीच. मुळात मिनॉक्सिडिल ही बीपीची गोळी होती, केस वाढणं हा तिचा साइड इफेक्ट, तेव्हा हार्टचा त्रास किंवा बीपी लो असेल तर मनाने आणू नका. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी दोन्ही तिच्यापासून लांब, मांजरांना हे विषारी आहे, माझ्या बहिणीने याच कारणाने घेतलं नाही.