खोबणीचं हाड मोडलं, दोन-दोन दिसतंय: ऑपरेशन लगेच की थांबून?

डोळ्यावर चेंडू किंवा ठोसा बसतो, सीटी स्कॅनमध्ये खोबणीच्या तळाचं हाड मोडलेलं दिसतं आणि पेशंटला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: डोळा हलत नाहीये, तो कशामुळे? स्नायू अडकलाय, सूज आहे, की डोळा हलवणाऱ्या नसेला (मज्जातंतूला) मार बसलाय?

लहान मुलांत थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यांचं हाड लवचिक असतं. ते क्षणभर उघडतं, पुन्हा मिटतं आणि स्नायू फटीत चिमटला जातो. डोळा बाहेरून जवळजवळ नितळ दिसतो, म्हणून फसगत होते. पण मूल वर बघू शकत नाही, बघायला गेलं की कळवळतं, उलट्या करतं, नाडी मंदावते. हे सगळं डोक्याच्या मारावर ढकललं जातं आणि वेळ जातो. अडकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. ऑपरेशन शक्यतो 24 ते 48 तासांत व्हावं लागतं.

मोठ्या माणसात बहुधा सूज आणि रक्तस्राव हेच कारण असतं. तिथे आठ-दहा दिवस थांबून पुन्हा तपासण्यात शहाणपण आहे, कारण अनेकांचं दोन-दोन दिसणं आपोआप ओसरतं. ते तसंच राहिलं, डोळा 2 मिलिमीटरहून जास्त आत गेला किंवा अर्ध्याहून अधिक तळ मोडला असेल, तर साधारण दोन आठवड्यांत हाड दुरुस्त करणं बरं. ऑपरेशनलाही धोके आहेत: पापणी खाली ओढली जाणं, दोन-दोन दिसणं कायम राहणं, क्वचित दृष्टी जाणं. थांबण्याच्या काळात नाक शिंकरू नका, सायनसमधली हवा खोबणीत शिरते.

नसेला मार असेल तर हाड दुरुस्त करून डोळा हलणार नाही. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी चौथीला मार बसलेला पेशंट जिना उतरताना चाचपडतो, मान एका बाजूला कलती ठेवतो. सहाव्या नसेला मार असेल तर लांबच्या वस्तू शेजारी-शेजारी दोन दिसतात. इथे प्रिझमचा (दोन प्रतिमा एकत्र आणणारा) चष्मा किंवा एका डोळ्यावर पट्टी, आणि नस सावरायला निदान सहा महिने. तिरळेपणाच्या ऑपरेशनचा विचार त्यानंतर.

गाल आणि वरचा ओठ बधिर असणं हे तळातून जाणाऱ्या नसेचं लक्षण. ते बहुधा महिन्यांत सुधारतं. तेवढ्यासाठी ऑपरेशनची घाई करू नका.

मात्र डोळा बाहेर येऊन दगडासारखा कडक झाला आणि नजर अंधुक होऊ लागली, तर लगेच की थांबून ही तुलना बाजूला ठेवा आणि त्याच क्षणी इमर्जन्सी विभाग गाठा.