मिनॉक्सिडिल फोमचे आठ महिने आणि माझे 'पातळ' केस

आधीच सांगते, केस माझे जन्मापासूनच बारीक. शाळेत असताना आई दोन वेण्या घालून वर रिबिनीची फुलं बांधायची तर फूल वेणीपेक्षा जाड दिसायचं, आणि आजी प्रेमानेच पण सगळ्यांसमोर "उंदराच्या शेपट्या" म्हणायची. लग्नात गंगावन लावलं तेव्हा कुठे अंबाडा उभा राहिला. त्यामुळे 'माझे केस पातळ आहेत' हे मी गेली तीस वर्षं म्हणत आलेय, आणि म्हणूनच खरोखर काहीतरी बिघडलं तेव्हा कळायला उशीर झाला. हा अनुभव मिनॉक्सिडिल ५ टक्के फोमचा, म्हणजे केस यावेत म्हणून टाळूला लावायच्या फेसाळ औषधाचा आहे, जानेवारीच्या शेवटी औषध सुरू केलं, आता सप्टेंबर संपत आलाय, पाचवी बाटली चालू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मधे दोनदा कंपनी बदलली, मेडिकलवाल्याकडे जी होती ती घेतली आणि मला तरी काही फरक जाणवला नाही.

सुरुवात डेंग्यूने झाली. मागच्या सप्टेंबरात इंदूरला आमच्या सुदामा नगरातल्या गल्लीत एकामागून एक सगळे आजारी पडत होते, माझा पण नंबर लागला, आठवडाभर ताप, मग अशक्तपणा, मग बरी झाले, दिवाळीत चकल्या पण केल्या. आणि नोव्हेंबर संपता संपता एक दिवस न्हाऊन उठले तर बाथरूमच्या जाळीवर ही एवढी गुंतवळ, मला वाटलं लेकीचे पण असतील, पण तिचे कुरळे आहेत, हे सगळे माझेच. पोनीला रबरबँडचे तीन वेढे पुरायचे, तिथे चौथा मारावा लागायला लागला. ट्यूबलाइटखाली उभं राहिलं की भांगातली टाळू चमकायची.

मग मी मोजायला लागले. हसू नका. रोज सकाळी पांढऱ्या टॉवेलवर वाकून विंचरायचं, कंगव्यातले, उशीवरचे, कुर्त्याच्या पाठीवरचे सगळे गोळा करायचे आणि दहादहाचे गठ्ठे लावून मोजायचे. छोट्या पाऊचमध्ये भरून वर तारीख लिहायची. नवरा म्हणाला, पोलिसात पुरावे द्यायचेत का? मी पहिल्यापासून दर तिसऱ्या दिवशी केस धुते, तर धुवायच्या दिवशी दोनशेच्या वर जायचे आणि माझा पूर्ण दिवस खराब, ऑफिसात बसून पण डोक्यात तेच. हे मोजण्याचं लफडं केस गळण्यापेक्षा जास्त वाईट होतं हे आता कळतंय.

त्या दोन महिन्यांत जे करतात ते सगळं केलं. सासूबाईंचं माका-जास्वंदाचं तेल (वास छान, पण बारीक केसांना एवढं तेल म्हणजे डोक्याला केस चिकटवून ठेवल्यासारखे, अजूनच विरळ दिसतात), कांद्याचा रस एकदाच, कारण दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारचीने विचारलं की डब्यात भजी आणलीस का. बायोटिनच्या गमीज. पाण्याला पण शिव्या घालून झाल्या. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी बोरिंग, आणि बोरिंगचं पाणी असं की नळाच्या तोंडाला पांढरे थर. म्हणून मी नर्मदेच्या पाण्याच्या दोन बादल्या फक्त डोक्यासाठी भरून ठेवायला लागले आणि घरात त्यावरून भांडणं. एका हेअर क्लिनिकमध्ये पण जाऊन आले, नाव घेत नाही, तिथे डॉक्टर नाहीच, एक मुलगी कॅमेरा डोक्यावर फिरवून स्क्रीनवर दाखवत होती आणि दहा मिनिटांत पंचेचाळीस हजारांचं पॅकेज समोर ठेवलं, आज भरलं तर डिस्काउंट. मी म्हटलं घरी विचारून सांगते आणि जी निघाले ती छप्पन दुकानला, म्हणजे आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत जाऊन पाणीपुरी खाल्ली.

शेवटी जानेवारीत स्किनच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. मी आपलं सुरू केलं, मॅडम बाल बहुत पतले हो गए हैं, तर त्यांनी मधेच थांबवून विचारलं, "पतले हुए हैं, या कम हुए हैं?" आणि मला उत्तर देता येईना. मराठीत पण तेच ना, वरण पातळ, साडी पातळ, केस पातळ. एक केस बारीक असणं वेगळं आणि डोक्यावर केस विरळ असणं वेगळं, आणि आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो. त्यांनी डर्मोस्कोप नावाचं भिंगासारखं यंत्र लावलं आणि फोनवर मला दोन फोटो दाखवले. मानेजवळ मागे सगळे केस बारीक पण एकसारखे, म्हणजे ते माझे वारशाचे. आणि वर भांगाजवळ एक बरा केस, शेजारी एकदम जावळासारखा, परत एक बरा, परत जावळ. हे मिश्रण म्हणजे वरचे केस खरंच आक्रसत चाललेत, स्त्रियांमध्ये भांग रुंद होत जातो तो हा प्रकार. आणि त्यावर डेंग्यूची गळती वेगळी. म्हणजे माझ्याकडे तीन गोष्टी एकात एक मिसळल्या होत्या आणि मी तिन्हींना मिळून रडत होते.

गळतीचं गणित त्यांनी चिठ्ठीच्या मागे करून दाखवलं, ती चिठ्ठी अजून कपाटावर चिकटवलीय. डोक्यावर साधारण १ लाख केस. त्यातले दहाएक टक्के कधीही विश्रांतीत असतात, म्हणजे १०,०००. ही विश्रांती जवळपास तीन महिन्यांची, शंभरएक दिवस धरा. मग रोज गळणार किती, तर शंभर. म्हणजे रोजचे पन्नास ते शंभर हा हिशोबच आहे, आजार नाही, आणि तीन दिवसांनी धुतले की तीन दिवसांचे एकदम हातात येतात. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट असं काही झालं की एकदम खूप केस विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते सगळे एकत्र बाहेर पडतात. सप्टेंबरचा ताप, नोव्हेंबरची गुंतवळ. ही गळती साधारण सहा महिन्यांत आपली आपण थांबते म्हणाल्या. पण भांगाचं आपोआप थांबणार नाही, त्याला औषध.

एक घरी बघण्यासारखी गोष्ट: गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो मुळापासून आपली वेळ भरून पडलाय. ठिपका नाही, तुकडा आखूड, तर तो तुटलाय, आणि तुटण्याचा संबंध घट्ट पोनी, ओले केस ओढून विंचरणं, क्षारांचं जड पाणी यांच्याशी. माझ्या पाऊचमध्ये दोन्ही निघाले. बोरिंगच्या पाण्याने मूळ मरत नाही, केस खरखरीत होऊन तुटतो एवढंच, हे ऐकून सासूबाईंना फार आनंद झाला कारण त्यांच्या दोन बादल्या सुटल्या.

रक्ताच्या तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, १४. लॅबच्या कागदावर ते नॉर्मलमध्येच होतं, पण डॉक्टर म्हणाल्या केसांसाठी हे कमी आहे, लोहाच्या गोळ्या तीन महिने, आणि चहासोबत घ्यायच्या नाहीत. इंदूरच्या माणसाला सकाळी पोहे-जिलबीनंतर चहा पिऊ नको म्हणणं म्हणजे शिक्षाच आहे, पण गोळी रात्रीवर ढकलली. आणि हो, बायोटिन खात असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, मला चार दिवस बंद करायला लावून मग रक्त घेतलं. गमीज मग मी परत सुरूच केल्या नाहीत.

आता औषध. मिनॉक्सिडिल मुळात ब्लडप्रेशरची गोळी, ती खाणाऱ्यांना अंगावर केस यायला लागले म्हणून डोक्याला लावून बघितलं, १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांसाठी मंजूर झालं, ५ टक्के फोम बायकांसाठी २०१४ मध्ये. पहिले तीन आठवडे मी ड्रॉपरवालं पाण्यासारखं औषध लावलं, स्वस्त पडतं, पण डोक्याला इतकी खाज सुटली की कोंडा झाल्यासारखं पापुद्रे निघाले. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल असतं त्याने काहींना होतं असं. फोममध्ये ते नसतं, म्हणून फोमवर आले आणि खाज आठवड्यात गेली. फोम महाग आहे, बाटली मला हजाराच्या आतबाहेर पडते, पण रोज एकदा अर्धं झाकण लावायचं तर दीड-दोन महिने जाते.

लावायची पद्धत कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. फोम केसांना नाही, टाळूला लागला पाहिजे, आणि बारीक केसांना लागला की केस शेवयांसारखे कडक होतात. मी कंगव्याच्या टोकाने तीन-चार भांग पाडते आणि प्रत्येक भांगात बोटाने थोडा थोडा. बोटाच्या उबेनेच फोम वितळतो, मे महिन्यात तर झाकणातून बोटावर येईपर्यंत पाणी होऊन मनगटावर ओघळ, मग बोटं आधी थंड पाण्याखाली धरून पुसायची आणि पटकन लावायचं. जेवणाआधी लावते, म्हणजे झोपेपर्यंत वाळतं, नाहीतर उशीवरून तोंडाला लागतं. एप्रिलमध्ये माझ्या कपाळाच्या कडेला, कानापाशी बारीक लव आली होती, तेव्हापासून लावून झालं की कपाळ आणि हात साबणाने धुते, लव कमी झाली पण पूर्ण गेली नाही. घरात मांजर असेल तर फार जपा, हे औषध मांजरांना विषारी आहे, अगदी थोडंसं चाटलं तरी. आमच्याकडे शेजारची मांजर उशांवर येऊन झोपते, तिला आता बेडरूम बंद. आणि दिवस असतील, राहायचे असतील किंवा अंगावर पाजत असाल तर लावायचं नाही, डॉक्टरांशी बोला.

आता तो भाग ज्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसले. तिसऱ्या आठवड्यापासून गळती वाढते. वाढते म्हणजे वाढतेच. मला सांगितलेलं होतं, जुने झोपलेले केस नव्यांना जागा द्यायला लवकर पडतात, सहा-आठ आठवडे जातात यात, चिठ्ठीवर लिहून पण दिलं होतं. तरी प्रत्यक्ष हातात आले की सगळं ज्ञान पळतं. रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सोडायची नाही म्हणून ओढणी घट्ट बांधून गेले, गुलाल तरी सगळा आत, घरी येऊन तीनदा डोकं धुतलं आणि जाळीवर जी गुलाबी गुंतवळ जमली ती बघून मी बाथरूममध्येच बसून रडले. मोजले, २११. त्या रात्री औषध फेकणार होते. नवऱ्याने पाऊचचा डबा उचलला आणि कुठेतरी ठेवून दिला, आजपर्यंत सांगितलं नाही कुठे. तेव्हापासून मोजणं बंद, फक्त फेब्रुवारीपासून चाललेला तो महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, त्याच खिडकीसमोर, कोरड्या केसांचा, त्याच भांगाचा फोटो.

फोटोंचं सांगते. फेब्रुवारी आणि मार्च, वाईट. एप्रिल तसाच, पण गळती कमी. मे मध्ये भांगाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले बोटभर केस, वाऱ्यावर हलणारे, लेक म्हणाली आई तुझ्या डोक्यावर गवत आलंय. जूनपासून भांग अरुंद दिसायला लागला. ऑगस्टचा फोटो आणि फेब्रुवारीचा शेजारी ठेवला तर कोणीही ओळखेल, पण एप्रिल-मे शेजारी ठेवले तर काहीच कळत नाही, म्हणून दोन महिन्यांत रिझल्ट नाही म्हणून सोडू नका, चार ते सहा महिने लागतातच. अर्थात यातलं डेंग्यूचं भरून आलेलं किती, लोहाचं किती आणि फोमचं किती, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. डॉक्टर पण हसल्या, म्हणाल्या भांगाचं श्रेय फोमला द्या.

जे झालं नाही ते पण लिहिते. केस जाड नाही झाले. मानेजवळचा एक केस आणि भांगातला एक नवा बरा केस चिमटीत धरून उजेडात बघितले, दोन्ही तितकेच बारीक, आजी असती तर तिने आजही उंदराची शेपटीच म्हटलं असतं. फक्त आता भांगाशी जावळ कमी दिसतं. रबरबँडचा चौथा वेढा अजून बसतो, पण ओढून बसतो. न्हाल्यावर अर्धा दिवस केस छान फुगलेले, संध्याकाळी परत चपटे, त्यावर माझा उपाय कंडिशनर फक्त टोकांना आणि तेल धुवायच्या तासभर आधी, चमचाभरच.

कटकट अशी की हे सोडता येत नाही. सोडलं तर तीन-चार महिन्यांत जे औषधाने टिकलंय ते जातं. जुलैत पुण्याला लग्नाला गेले आणि बाटली घरी विसरले, पाच दिवस नुसता घोर, तसं काही झालं नाही. पण वर्षाचे सहा-सात हजार आणि रोजची ती दहा मिनिटं आयुष्यभर, हे आधी डोक्यात घेऊन मग सुरू करा. मी पाचपैकी चार देईन, एक त्या मार्चचा कापला.

सासूबाई आठ महिने "तेल लाव गं, हे फेस कसले लावतेस" म्हणत होत्या, गणपतीत माझ्या नणंदेने माझा भांग बघून विचारलं तेव्हापासून गप्प आहेत. परवा रात्री मी आरशासमोर होते तर मागे येऊन उभ्या राहिल्या, पदर डोक्यावरून खाली केला आणि म्हणाल्या, झाकणात उरलं असेल तर बोटभर मला पण लाव. मी म्हटलं आई, तुमची बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्यावर रुसून दोन दिवस माझ्याशी फक्त भाजी काय करायची एवढंच बोलल्या. शनिवारी साडेपाचची वेळ घेतलीय, दोघींची.