चार रविवार आणि एक वाक्य : शंकरनगरच्या प्रबंधलेखन वर्गाविषयी

पीएच.डी.चा संशोधन आराखडा समितीसमोर मांडण्याआधी माझ्याकडे शीर्षक होते, उद्दिष्टे होती, पाच गृहीतकेही होती. मात्र हा प्रबंध नेमके काय म्हणतो, या प्रश्नाला एका वाक्यात देता येईल असे उत्तर नव्हते. मार्गदर्शक मॅडमनी आराखडा परत करताना समासात एवढेच लिहिले होते : ‘विषय कळला, म्हणणे कळले नाही.’ त्या शेऱ्यानंतर, नागपूरच्या शंकरनगर चौक मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, एक निवृत्त प्राध्यापक आपल्या घराच्या दिवाणखान्यात प्रबंधलेखनाचा जो छोटा वर्ग चालवितात, त्याला मी प्रवेश घेतला. चार रविवार, सकाळी दहा ते एक, शुल्क अडीच हजार रुपये. सर जाहिरात करीत नाहीत आणि त्यांच्याच इच्छेवरून मी त्यांचे नाव लिहिलेले नाही. त्या भागातील संशोधक विद्यार्थ्यांकडे चौकशी केल्यास पत्ता मिळतो.

माझा विषय नागपूरची एम्प्रेस मिल ही जुनी कापड गिरणी आणि तेथील कामगार कल्याण योजना हा आहे. पहिल्या रविवारी प्रत्येकाने आपल्या प्रबंधाचे मध्यवर्ती विधान फळ्यावर लिहायचे होते. मी लिहिले : ‘नागपूरच्या एम्प्रेस मिलने कामगार कल्याणाच्या क्षेत्रात केलेल्या महत्त्वपूर्ण योगदानाच्या विविध पैलूंवर प्रकाश टाकण्याचा प्रयत्न प्रस्तुत संशोधनात करण्यात आला आहे.’ लिहिताना मला त्यात काही वावगे वाटले नव्हते, कारण गेली दोन वर्षे मी असेच वाचत आले होते. सरांनी खडू हातात घेऊन एकेका शब्दाचा हिशेब मागितला. ‘महत्त्वपूर्ण’ कोणासाठी, मालकासाठी की कामगारासाठी? ‘विविध पैलू’ किती आणि कोणते? ‘प्रयत्न करण्यात आला आहे’ म्हणजे कोणी केला, आणि तो साधला की नाही? या प्रश्नांना उत्तर नसलेले शब्द एकामागून एक पुसले गेले आणि अखेरीस फळ्यावर ‘एम्प्रेस मिल’ आणि ‘कामगार’ एवढेच उरले. मग त्यांनी म्हटले, ‘आता याच्या उलट विधान करून पाहा. एम्प्रेस मिलचे कामगार कल्याणात काहीही योगदान नाही, असे म्हणणारा माणूस तुम्हाला भेटला आहे का? नसेल, तर तुम्ही कोणाशी वाद घालता आहात?’

या एका प्रश्नाने माझ्या संशोधनातील माहिती आणि म्हणणे वेगवेगळे झाले. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, १८८६ मध्ये तेथे निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्यास आरंभ झाला, हे सर्व मी टिपून ठेवले होते. पण या नोंदींशी कोणी असहमत होऊ शकत नाही, आणि म्हणूनच त्यांच्यापैकी एकही नोंद प्रबंधाचे विधान होऊ शकत नाही. विधान सुरू होते ते ‘हे का घडले?’ या प्रश्नावर मी माझी बाजू घेते तेथून. घरी परतल्यावर मी दुसरा मसुदा लिहिला : ‘एम्प्रेस मिलच्या कल्याणकारी योजना मालकाच्या उदारतेतून जन्मल्या असे मानले जाते; परंतु वारंवार गैरहजर राहणारा आणि हंगामात शेतीकडे परतणारा कामगार गिरणीत टिकवून धरण्याच्या गरजेतूनच त्या आकाराला आल्या.’

दुसऱ्या रविवारची तासिका या वर्गातील सर्वोत्तम होती, आणि तेवढ्या एका तासिकेसाठीही मी हा वर्ग सुचवीन. त्या दिवशी सरांनी मराठी वाक्याचा विचार केला. आपले क्रियापद शेवटी येते. त्यामुळे ‘असल्यामुळे’, ‘होऊन’, ‘लक्षात घेता’ अशी उपवाक्ये समोर रचत गेले, की वाचक पाच गोष्टी हातात धरून सहावीची वाट पाहत राहतो, आणि लेखकाला काय म्हणायचे आहे ते वाक्य संपता संपता कळते. यावर त्यांचा उपाय साधा होता : म्हणणे पहिल्या छोट्या वाक्यात पूर्ण करावे आणि दुसरे वाक्य ‘कारण’ने सुरू करावे. प्रतिपक्षाचे मत मांडायचेच असेल, तर ‘जरी–तरी’ची जोडी हाताशी आहे, वाक्याचा तोल आपसूक ‘तरी’च्या बाजूला झुकतो, म्हणून इतरांचे मत ‘जरी’त आणि स्वतःचे ‘तरी’त ठेवावे. मी अनेक आराखड्यांत हे नेमके उलटे झालेले पाहिले आहे, आणि तेथे लेखक स्वतःच्याच विधानावर पाणी सोडताना दिसतो.

माझ्या मसुद्यावर त्या दिवशी सर्वाधिक वेळ गेला तो एका अक्षरावर. ‘गरजेतूनच’ या शब्दातला ‘च’ काढून टाकावा की ठेवावा, यावर जवळपास वीस मिनिटे चर्चा झाली. ‘च’ ठेवला, तर उदारतेचा वाटा शून्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर येते. काढला, तर विधान इतके सैल होते की दोन्ही पक्ष त्यात सुखाने राहू शकतात. ‘प्रामुख्याने’ हा शब्द सुचविला गेला, पण तो मोजमाप मागतो. शेवटी वाक्य असे झाले : ‘एम्प्रेस मिलच्या पहिल्या दोन दशकांतील कल्याणकारी योजनांमागे जरी मालकाची उदारता असली, तरी त्यांचे स्वरूप कामगार टिकवून धरण्याच्या गरजेने ठरविले.’ ‘जन्म’ आणि ‘स्वरूप’ यांतील फरक मला तोपर्यंत दिसलाच नव्हता. आता योजनेची अट काय होती, लाभ किती वर्षांच्या नोकरीनंतर मिळत असे, हजेरीचा त्याच्याशी संबंध होता का, हे मला कागदपत्रांत शोधायचे आहे. म्हणजे एका शब्दाने माझ्या पुढील सहा महिन्यांच्या कामाची दिशा निश्चित केली. आकर्षक विधान म्हणजे काय, याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

याच कारणाने तिसऱ्या रविवारशी माझा मतभेद आहे. त्या दिवशीचा विषय ‘वाचकाला खिळवून ठेवणारी शब्दरचना’ असा होता आणि त्यात विधानाची सुरुवात प्रश्नाने, सुभाषिताने किंवा धक्कादायक वाक्याने करावी असे सुचविण्यात आले. वृत्तपत्रीय लेखाला हे शोभते. प्रबंधाच्या परीक्षकाला मात्र प्रश्न विचारलेला नको असतो, उत्तर हवे असते. त्या दिवशी वाटलेली छापील टिपणे इंग्रजी टिपणांचे शब्दशः भाषांतर होती आणि त्यांतील उदाहरणे परक्या महाविद्यालयांतील चार पानी निबंधांची होती. दुसऱ्या तासिकेत मराठी वाक्याचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या शिक्षकांनी ती वापरावीत, याचे मला वाईट वाटले.

घरी करावयाचा अभ्यास मात्र उत्तम होता. विद्यापीठांचे प्रबंध ज्या संकेतस्थळावर खुले असतात, त्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या शोधगंगेवरील दहा मराठी प्रबंध घेऊन त्यांच्या गोषवाऱ्यात असहमत होता येईल असे एक तरी वाक्य शोधायचे होते. मला ते दहापैकी तीन प्रबंधांत सापडले. बाकीच्यांची शीर्षके ‘एक चिकित्सक अभ्यास’ किंवा ‘एक मागोवा’ या शब्दांवर थांबत होती, आणि आतही मागोवाच होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात; एवढ्या वर्षांच्या कष्टानंतर वाचकाला लेखकाचे मत सापडू नये, याची खंत वाटते.

उणिवा आणखीही आहेत. वर्गात आम्ही चौदा जण होतो आणि चौथ्या रविवारी वैयक्तिक चर्चेसाठी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे आली. आठ जणांपेक्षा अधिक प्रवेश देऊ नयेत, असे मी सरांना सांगितले आहे. शिवाय हा वर्ग भाषा, इतिहास, समाजशास्त्र यांसाठीच उपयुक्त आहे. आमच्यात संत्र्याच्या सालीतील रसायनांवर काम करणारी एक संशोधिका होती, आणि चाचणी घेता येईल असे गृहीतक हेच तिचे विधान असल्याने तिला पहिल्या रविवारनंतर फारसे काही मिळाले नाही. लेखी अभिप्राय आठवड्यात मिळेल असे सांगितले होते. मला तो तिसऱ्या आठवड्यात मिळाला, पण दोन पाने भरून आणि माझ्या मसुद्यातील ओळीओळीवर होता.

नव्याने जाणाऱ्यांनी आराखडा समितीपुढे ठेवण्याच्या किमान दोन महिने आधी प्रवेश घ्यावा, कारण खरे काम दोन रविवारांच्या मधल्या दिवसांत होते. जाताना आपला सर्वांत कच्चा मसुदा न्यावा. घोटून गुळगुळीत केलेल्या मसुद्यावर चर्चेला हात घालायला जागा राहत नाही. माझे सुधारित विधान मी गेल्या सोमवारी मॅडमना दाखविले. त्यांनी ‘पहिल्या दोन दशकांतील’ या शब्दांखाली रेघ ओढली आणि विचारले, ‘१८९७ नंतर काय बदलले?’