फॅमिली हेल्थ चेकअप : ८२ टेस्ट झाल्या, कामाची गोष्ट मात्र शेवटच्या टेबलावर

दिवाळीच्या आधी मोबाइलवर जाहिरात आली. पाच जणांचं पॅकेज, प्रत्येकी ८२ टेस्ट, फक्त ११,९९९ रुपये. मी नागपूरच्या गणेशपेठ एसटी आगारात ३४ वर्षं कंडक्टर होतो, हिशेब तोंडीच होतो. पाच गुणिले ८२ म्हणजे ४१० टेस्ट, एक टेस्ट २९ रुपयांना पडली. एवढ्यात तर आजकाल पोटभर तर्री-पोहेही येत नाहीत. मी लगेच बुकिंग केलं. स्वस्त तिकीट दिसलं की माणूस गाडी कुठं चालली ते विचारत नाही, हे मी स्टँडवर रोज बघत होतो. तरी मी बसलोच.

आम्ही पाच जणं : मी ६०, बायको ५५, मुलगा ३१, सून २८ आणि माय ८१ वर्षांची. सेंटरचं नाव लिहीत नाही. रामदासपेठ-धंतोलीकडे अशा पाट्या रांगेनं लागल्या आहेत. मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती, रेटकार्ड थोड्याफार फरकानं सारखंच होतं.

आधी चांगलं सांगतो. रक्त काढणारी पोरगी एक नंबर होती. मायची नस सापडत नाही, मागं एका ठिकाणी चार वेळा टोचलं होतं. हिनं मायचा हात दोन मिनिटं आपल्या हातात धरून गरम केला, गप्पा मारल्या आणि एका टोच्यात काम झालं. जागा स्वच्छ, संडासात साबण आहे, रिपोर्ट संध्याकाळी सातच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार उपाशी ठेवण्याची आहे. बारा तास काही खाऊ नका, सात वाजता या, असं सांगितलं. आमचा नंबर लागला पावणेदहाला. तोवर माय म्हणत होती, "मले काही झालं नाही रे, भूक लागली एवढंच झालं." नंतर कळलं की एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या टेस्टला उपाशी राहावंच लागत नाही. कोलेस्टेरॉललाही बहुतेकदा लागत नाही. उपाशीपोटीची साखर बघायची असेल तर आठ तास पुरतात. म्हणजे ८१ वर्षांच्या बाईला रात्री आठपासून ताटकळत ठेवायचं काही कारण नव्हतं. नाश्त्याच्या कूपनवर पोहे मिळाले. कोरडे. नागपुरात तर्रीशिवाय पोहे देणाऱ्याला काय म्हणावं ते मी इथं लिहू शकत नाही.

आता त्या ८२ टेस्टचं. घरी येऊन रिपोर्ट मोजले. रक्ताची एक सीबीसी केली की त्यातून वीस-बावीस आकडे निघतात, तो प्रत्येक आकडा एक टेस्ट धरलेला. लघवीची एक बाटली, पण रंग वेगळी टेस्ट, वास वेगळी टेस्ट, गढूळपणा वेगळी. कोलेस्टेरॉलमध्ये तर दोन आकड्यांचा भागाकार करून तिसरी टेस्ट दाखवली आहे. नागपूर-उमरेड तिकिटावर मधले सगळे थांबे छापून त्याला वीस गावांचा प्रवास म्हणावं, तसं हे. मशीनं खोटं बोलत नाहीत, पण मोजणारा लबाड आहे.

बीपी कसं घेतलं ते ऐका. लिफ्ट बंद होती, दोन जिने चढून आलो. खुर्चीत टेकलो तोच पट्टा बांधला, आणि बांधणारा भाऊ त्याच वेळी मला मोबाइल नंबर आणि पिनकोड विचारून राहिला होता. आकडा आला १५८/९६. त्यानं लाल पेनानं गोल केला आणि कार्डिओ पॅकेजचं पत्रक हातात दिलं. बायकोचा चेहरा उतरला.

सगळं आटोपल्यावर रेटकार्डाच्या शेवटच्या ओळीत "डॉक्टर कन्सल्टेशन – फ्री" असं होतं. फुकट म्हणजे काय असणार, म्हणून मुलगा निघायलाच लागला होता. मीच म्हटलं, पैसे भरले आहेत ना, मग वसूल करू. कोपऱ्यात एक टेबल, मागं तिशीतली डॉक्टर. काउंटरवरच्यानं तिला डोळ्यांनी खुणावलं, पाच मिनिटांत उरका. तिनं आम्हां पाचही जणांना एकदम बसवलं आणि पाऊण तास घेतला. खरा रिव्ह्यू मी त्या पाऊण तासाचाच लिहितो आहे.

सगळ्यात आधी तिनं मला पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मग बीपी घेतलं, १३४/८४. म्हणाली, "काका, एका आकड्यावर गोळी सुरू करायची नाही आणि एका आकड्यावर निर्धास्तही व्हायचं नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ असंच बसून मोजा, वहीत लिहा." मग ड्रॉवरमधून शिंप्यासारखा टेप काढला आणि माझ्या पोटाला लावला. ९८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० आणि बायकांना ८० च्या आत पाहिजे म्हणे. ८२ टेस्टमध्ये दहा रुपयांचा टेप नव्हता! माझं एचबीए१सी ६.१ होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ ला आत. सेंटरच्या रिपोर्टवर त्यापुढं नुसता बाण काढलेला होता, वर जाणारा.

मग तिनं मला दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही, असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटतं का? मी म्हटलं, नाही जी, मस्त आहे. बायको म्हणाली, "खोटं बोलून राहिले, मॅडम. रिटायर झाल्यापासून रेशीमबाग मैदानावर फिरायला जात होते, चार महिन्यांपासून तेही बंद. टीव्ही लावतात आणि बघत नाहीत." सून मान खाली घालून बसली होती, म्हणजे तिलाही माहीत होतं. डॉक्टरनं गोळी लिहिली नाही. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला, आणि महिन्याभरात असंच राहिलं तर कुणाला तरी दाखवा म्हणाली. नंबर सेव्ह केला आहे. लावला नाही अजून. फिरणं सुरू केलं.

बायकोच्या रिपोर्टात "लेडीज कॅन्सर मार्कर" म्हणून सीए-१२५ होतं. नॉर्मल आलं म्हणून ती खूश होती. डॉक्टरनं सांगितलं की काही त्रास नसलेल्या बाईला ही टेस्ट करूच नये. पाळी, गाठी, सूज कशानंही आकडा वाढतो आणि मग नसत्या सोनोग्राफ्या मागं लागतात. अमेरिकेत यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स नावाची एक समिती आहे. कोणत्या वयाला कोणती तपासणी फायद्याची, याला ती ए, बी, सी, डी अशा श्रेणी देते. डी म्हणजे करू नका. त्रास नसलेल्या बाईत अंडाशयाचा कॅन्सर असा शोधणं डी मध्ये आहे. आमच्या पॅकेजात मात्र ते सोनेरी अक्षरात. व्हिटॅमिन डी सगळ्यांचं सरसकट तपासावं असा पुरेसा पुरावाच त्या समितीला सापडला नाही, आमचं पाचही जणांचं तपासलं. माझं पीएसए न विचारता केलं. प्रोस्टेटची ही टेस्ट ५५ ते ६९ या वयात फायदा-तोटा समजावून, माणसाला विचारून करायची असते. माझ्याशी कोण बोललं? रक्त काढून झालं होतं.

आणि जे पाहिजे होतं ते नव्हतंच. बायकोला तिनं विचारलं, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झाली? लग्नाला ३३ वर्षं झाली, एकदाही नाही. ३० ते ६५ वयात एचपीव्ही या विषाणूची टेस्ट पाच वर्षांतून एकदा केली तरी चालते, असं तिनं सांगितलं. या वयात दोन वर्षांतून एकदा मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे कर म्हणाली. हे ऐकताना मुलगा आणि मी छताकडे बघत होतो, ते डॉक्टरच्या लक्षात आलं. म्हणाली, "काका, तुम्हीच घेऊन या काकूंना." नेलं. झालं. रिपोर्ट ठीक आहे.

सून आणि मुलगा पुढच्या वर्षी लेकराचा विचार करून राहिले आहेत, ते मला तिथंच कळलं! डॉक्टरनं दोघांनाही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची टेस्ट सांगितली, विदर्भात ती आधी करून घ्यावीच म्हणाली. एक जण वाहक असला तर घाबरायचं नाही, दोघंही असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाला आजार होईल. "वाहक" ऐकून मायनं मान वर केली. माझ्या बिल्ल्यावर जन्मभर वाहक हाच शब्द होता. "हा तर होताच वाहक," ती म्हणाली, "याचं काय तपासता?" सगळं टेबल हसलं. सुनेला फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहायच्या आधीपासून सुरू करायला सांगितलं. तेही ८२ मध्ये कुठं लिहिलेलं नव्हतं.

मायचं रक्त, लघवी, थायरॉइड, सगळं झालं होतं. डॉक्टरनं तिला खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत बसायला सांगितलं आणि घड्याळ बघितलं. १९ सेकंद. १२ च्या वर गेलं की पडायची भीती जास्त. मग विचारलं, वर्षभरात पडल्या का आजी? माय म्हणाली, दोनदा. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. रात्री मोरीपाशी, पायपुसण्यावरून. सांगितलं असतं तर तिला एकटीला रात्री उठू दिलं नसतं, म्हणून ती बोलली नाही. पायपुसणं त्याच दिवशी फेकलं, पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब लावला. ९० रुपये खर्च.

मुलगा सगळ्यात शेवटी. त्याचे रिपोर्ट पाचात सगळ्यात चांगले होते, सगळे आकडे काळे, एकही लाल नाही. डॉक्टरनं विचारलं, खर्रा? म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून पन्नीत मिळते ती. तो म्हणाला, कधी कधी. दिवसाला किती पन्न्या? तो माझ्याकडे बघायला लागला. मी बाहेर जाऊ का, असं मीच विचारलं, तर म्हणाला, नाही बाबा, बसा. चार. आठ वर्षांपासून.

"तोंड उघड. तीन बोटं उभी आत घाल."

दोन गेली. तिसरं जाईना. त्यानं हसून पुन्हा प्रयत्न केला, मग हसणं थांबलं. तिनं टॉर्च लावून गाल आतून बघितले, बोटानं दाबले. पांढरट, ताठ पट्टे. मग विचारलं, तिखट लागतं का तोंडाला? तेव्हा मला आठवलं. दीड वर्षापासून पोरगा सावजीचं मटण खात नव्हता. झोंबते म्हणायचा. आम्ही त्याला चिडवत होतो की लग्नानंतर सासुरवाडीचं गोड वरण खाऊन नाजूक झाला.

तिनं स्पष्ट सांगितलं. हा कॅन्सर नाही. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो, आणि ताठ झालेलं पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. पण खर्रा आज सुटला तर पुढचं बरंच टळू शकतं. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालयात जायची चिठ्ठी दिली आणि तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनचा नंबर, १८००-११-२३५६. पोरानं तिथं दोनदा फोन केला आहे. सव्वा महिना झाला. चिडचिड करतो, बडीशेप चघळतो, दोनदा घसरला हेही त्यानंच सांगितलं.

आता जे लिहायला लाज वाटते ते. गेल्या वर्षी वस्तीतली आशाताई दारात आली होती, हातात एक फॉर्म. तंबाखू खाता का, कमरेचं माप किती, चालणं-फिरणं किती, घरात कोणाला बीपी-शुगर आहे, तोंड उघडायला त्रास होतो का. बऱ्याच उत्तरांना गुण, ४ च्या वर गेले की लवकर तपासणीला या. तिशीच्या वरच्या सगळ्यांचं बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी केंद्रावर फुकट आहे, असं ती सांगत होती. मी क्रिकेट बघत होतो. दारातच म्हटलं, सगळे ठणठणीत आहेत, लिहून टाक. डॉक्टरनं टेबलावर विचारलेलं निम्म्याहून जास्त त्याच कागदावर होतं.

तर गुण असे. रक्त काढणं पाचपैकी पाच. बीपी घेणं शून्य. पोहे शून्य. टेस्टची यादी दीड, त्यातला अर्धा साखरेसाठी. शेवटचं टेबल दहापैकी दहा, पण ते तुम्हाला मिळेल की नाही हे त्या दिवशी कोण बसलं आहे त्यावर आहे. जुन्या करपद्धतीत असाल तर पावती ठेवा, प्रतिबंधक तपासणीचे ५,००० पर्यंत वजावटीत धरता येतात.

परवा सेंटरमधून फोन आला. "सर, आप के लिए प्लॅटिनम पॅकेज है, १०८ टेस्ट." मी विचारलं, त्यात तोंड उघडून बघता का? तिनं होल्डवर ठेवलं, कुणाला तरी विचारून आली.

"नहीं सर, वो इस पॅकेज में नहीं है. अ‍ॅड करना पडेगा."