बोटाचं एक पेर, ईएसआय आणि लाइट ड्यूटी : माझा रिव्ह्यू

स्टार आधीच देऊन टाकतो. ईएसआय योजनेला (पगारातून कापून चालणारा कामगारांचा सरकारी विमा) चार, आमच्या ठेकेदाराला शून्य, कंपनीच्या लाइट ड्यूटीला (इजेनंतर देतात ते हलकं काम) दीड, त्यातला अर्धा स्टार चहासाठी कारण रिवर्क टेबलावर, म्हणजे खराब पीस वेगळे काढायच्या जागी, चहा वेळेवर यायचा.

वाळूजला प्रेस शॉपमध्ये होतो, 2023 ची गोष्ट. पत्रा दाबून पीस काढायची पायडलवाली जुनी प्रेस, क्लच घासलेला, ती मधूनच डबल मारायची, एकदा पायडल मारलं की दोनदा खाली यायची. सगळ्यांना माहीत होतं. मेंटेनन्सला सांगितलं की "बघू रविवारी". त्या दिवशी ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) ठेवला, पायडल मारलं, पीस काढायला डावा हात आत घातला आणि पायडलवर पाय नसताना प्रेस दुसऱ्यांदा खाली आली. अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं. दुखलं नाही लगेच, ते नंतर, रात्री.

ठेकेदाराचा माणूस प्रायवेट दवाखान्यात घेऊन गेला, बिल त्यानंच भरलं, आणि परत येताना रिक्षात म्हणाला, "भाऊ, घरी दरवाज्यात सापडलं म्हणून सांग, पंधरा दिवस पगार घरी पोचवतो, कशाला कटकट." मी हो म्हणत होतो हो, खरं सांगतो. डोकं चालत नाही तेव्हा आणि समोरचा माणूस बिल भरून उभा असतो. घरी आल्यावर मावसभाऊ भेटायला आला, तो दुसऱ्या कंपनीत स्टोअरला आहे, तो म्हणाला पंधरा दिवसांनंतर काय करशील, पेर काय परत उगवणार आहे का?

तर इथून खरा रिव्ह्यू. माझ्या पगारातून दर महिन्याला 0.75 टक्के कापतात, 14,400 वर 108 रुपये, मालकाचे वरून 3.25 टक्के. पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर तुम्ही यात येता. मला वाटायचं हे 108 रुपये खोकल्याच्या गोळ्यांसाठी आहेत. कामावर अपघात झाला तर मालकानं फॉर्म 12 भरून ईएसआयच्या शाखेला आणि दवाखान्याला कळवायचं असतं, अवयव जायची भीती असेल तर ताबडतोब, बाकीच्या वेळी 24 तासात. कंपनीत अपघाताचं रजिस्टर पण असतं आणि आपण तोंडी सांगितलं तरी ती नोटीस धरतात. पण तोंडी सांगितलेलं उद्या कोण कबूल करणार म्हणून मावसभावानं माझ्यासमोर बसून अर्ज लिहिला, तारीख, वेळ, प्रेस नंबर, शेजारच्या प्रेसवर कोण होता त्याचं नाव, आणि कंपनीच्या ऑफिसात देऊन झेरॉक्सवर आवकचा शिक्का मारून आणला. तो शिक्का बघितल्यावर ठेकेदाराचा फोन आला, आवाज एकदम वेगळा, दादा दादा करत होता. तिसऱ्या दिवशी फॉर्म 12 गेला.

पैशाचं सांगतो कारण कोणी नीट सांगत नाही. साध्या आजारपणाला पगाराच्या 70 टक्के मिळतात आणि त्याला आधी ठरावीक दिवस वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या इजेला 90 टक्के आणि तशी काही अट नाही, नोकरीचा पहिला दिवस असला तरी चालतं. म्हणून तर "घरी लागलं" म्हणायला लावतात, ते एक वाक्य बोललात की तुम्ही 90 वाल्या खिडकीवरून बाजूला. माझा रोजचा सरासरी पगार 480 धरला, त्याचे 432, असे 41 दिवस, 17,712 रुपये थेट खात्यात. वेळ लागला, दोन चकरा झाल्या, बँकेच्या पासबुकात नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं (आईनं ठेवलेलं नाव, क्लार्कनं लिहिलेलं नाव, जुनी कहाणी). एक स्टार तिथं गेला. ईएसआयच्या डॉक्टर मॅडम मात्र चांगल्या, बोट स्वतः वाकवून दाखवायच्या, कोमट पाण्यात मूठ मिटउघड करायला सांगायच्या.

आता लाइट ड्यूटी. तिसाव्या दिवशीच सुपरवायझरचा फोन, ये बाबा, खुर्चीवर बसून काम आहे, अर्धी हजेरी देतो. जाणार होतो, घरी बसून वेड लागतं ना. मॅडमनी थांबवलं. ज्या दिवशी कामाचा पगार घेतला त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ मिळत नाही, म्हणजे अर्ध्या हजेरीचे 240 घ्यायला 432 सोडायचे! आणि आपण आधी जे काम करत होतो ते अजून जमत नसेल तर कायदा त्याला तात्पुरती अपंगताच म्हणतो, खुर्चीवर बसता येतं म्हणून माणूस बरा झाला असं नाही. या काळात कामावरून काढता पण येत नाही.

41 दिवसांनी फिट सर्टिफिकेट घेऊन गेलो. केसपेपरवर लिहून घेतलं होतं, सहा आठवडे डाव्या हातानं दोन किलोच्या वर उचलायचं नाही, प्रेस आणि ग्राइंडर नाही. त्याची झेरॉक्स ऑफिसला, सुपरवायझरला आणि एक माझ्या खिशात. पहिले चार दिवस मस्त, रिवर्क टेबल, गो नो-गो गेज (माप बरोबर की चूक सांगणारं साधन) लावून पीस वेगळे करायचे. पाचव्या दिवशी प्रेसवर माणूस कमी पडला, सुपरवायझर म्हणाला, "जरा हात लाव, तुझीच तर मशीन." खिशातला कागद काढला. तोंड वाकडं केलं पण गेला. त्यानंतर मला लाइट ड्यूटी म्हणजे झाडू असं ठरलं, इन्सेंटिव्ह बंद, जेवणाच्या टेबलावर पोरं म्हणायची साहेब आले. याला दीड स्टार पण जास्तच आहेत खरं तर.

मेडिकल बोर्डानं कायमची अपंगता 9 टक्के धरली, कायद्याच्या तक्त्यात त्या बोटाच्या एका पेराला तेवढंच आहे. 432 चे 9 टक्के, दिवसाला 39 च्या आसपास, महिन्याला साधारण 1,160, आयुष्यभर. आईच्या बीपीच्या गोळ्या त्यातूनच आणतो. प्रेसचा क्लच बदलला म्हणतात, मी परत त्या बाजूला गेलो नाही बघायला.