मुलांचा जॅझ समर कॅम्प, बे एरिया: पैसे भरायच्या आधी कॉम्बोचे (छोट्या ग्रुपमध्ये एकत्र वाजवायचे) तास विचारा

मंडळाच्या ग्रुपवर दर जानेवारीत समर कॅम्पची चर्चा सुरू होते आणि ती कोडिंग, रोबोटिक्स, टेनिस यापलीकडे जात नाही, म्हणून यंदा लेकीला ज्या जॅझ कॅम्पला घातलं होतं त्याबद्दल जरा सविस्तर लिहितेय. आमच्या इथल्या कम्युनिटी कॉलेजच्या म्युझिक डिपार्टमेंटचा आठवडाभराचा डे कॅम्प, सकाळी नऊ ते चार, मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या मुलांसाठी. नाव इथे टाकत नाही कारण थोडं नावडलेलंही लिहिणार आहे, हवं असेल त्यांनी मेसेज करा. फी साधारण साडेसातशे डॉलर, जेवण वेगळं. बे एरियात याहून नावाजलेला म्हणजे स्टॅनफर्डचा, 1972 पासून चाललाय, पण तिथला खर्च आणि रोजचं ड्रायव्हिंग आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

लेक तेरा वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये अल्टो सॅक्सोफोन वाजवते, आणि लहानपणापासून रविवारी शास्त्रीय गाण्याच्या क्लासला जाते. शाळेच्या बँडमध्ये काय होतं ते ज्यांची मुलं जातात त्यांना माहीत असेल, समोर कागद, कागदावर जे असेल ते पन्नास जणांनी एकदम वाजवायचं. त्यात वाईट काहीच नाही, सूर लावायला आणि वाचायला तिथेच शिकली ती. पण स्वतःचं म्हणून काही वाजव म्हटलं की हात थांबायचे. कॅम्पला घालायचं कारण एवढंच होतं.

पहिल्या सकाळी ऑडिशन असते. नापास वगैरे करत नाहीत, फक्त कोणाला कुठल्या ग्रुपमध्ये टाकायचं ते ठरवतात, पण हे मुलांना आधी नीट सांगायला पाहिजे, कॉरिडॉरमध्ये निम्मी पोरं पांढरी पडली होती. एखादं स्केल वाजवून घेतात, थोडं वाचायला देतात आणि मग पियानोवर ब्लूज (पुन्हा पुन्हा फिरणारा एक साधा साचा) सुरू करून म्हणतात, वाजव काहीही. त्यानंतर पाच-सहा जणांचे कॉम्बो पाडतात, म्हणजे बास, ड्रम, पियानो किंवा गिटार आणि पुढे फुंकवाद्यं. सकाळी वाद्याचा वेगळा क्लास आणि थिअरी, जेवणानंतर एकत्र बसून जुनी रेकॉर्डिंग ऐकायची, आणि मग दुपारभर कॉम्बो.

माझं ठाम मत असं झालंय की या कॅम्पचे पैसे वसूल होतात ते कॉम्बोमध्ये. थिअरी यूट्यूबवर मिळते, वाद्याचा मास्तर गावात मिळतो, आयरियल प्रो अ‍ॅपवर मागे बास-ड्रम लावून घरी प्रॅक्टिस पण होते. पण आपल्या वयाचा जिवंत ड्रमर शेजारी बसलाय, तो चुकला तर आपल्याला सावरायचंय आणि आपण चुकलो तर तो सावरणार आहे, ही गोष्ट तेरा वर्षांच्या मुलाला दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी पालकांना अर्धा तास आत बसू दिलं तेव्हा जे बघितलं ते सांगते. कॉम्बोचे सर ट्रॉम्बोन वाजवणारे, वयस्कर गृहस्थ. आल्या आल्या म्हणाले, स्टँड सगळे भिंतीला लावा. कागदच काढून घेतला. मग जॅझमधले मोठे संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांचं सी जॅम ब्लूज स्वतः वाजवून दाखवलं. हे निवडण्यामागचं कारण म्हणजे अख्खी धून फक्त दोन सुरांची आहे, आपल्या भाषेत पंचम आणि वरचा सा, बस. अल्टोवर ते ई आणि ए होतात कारण काही वाद्यांची पट्टी वेगळी लिहितात, ट्रम्पेटवाला वेगळं बोट दाबतो, पियानोवाला वेगळं, पण कानाने शिकत होते म्हणून त्या भानगडीत कोणी पडलंच नाही, पाच मिनिटांत सगळी एका सुरात वाजवायला लागली. मग म्हणाले आता सोलो, पण एकच सूर वापरायचा. बारा बार (चार-चार मात्रांचे बारा भाग) पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या सुराला हात लावायचा नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या मुलाने एका सुराची नुसती बडबड केली. सर म्हणाले, छान, आता मध्ये गप्प पण बसून बघ. मग आमच्या बाईसाहेबांची पाळी आली. तिने पंचम धरला, एकदा लांब, मग थांबली, मग दोन छोटे, मग बीटच्या किंचित मागे एक, आणि ड्रमवरच्या मुलीने तो बरोब्बर पकडून स्नेअर ड्रमवर उत्तर दिलं! दोघी हसल्या. शाळेच्या बँडमध्ये एवढी वर्षं जे बघायला मिळालं नव्हतं ते एका सुरावर बघायला मिळालं. मी तेव्हाच मनात म्हटलं की पैसे वसूल.

ज्यांची मुलं शास्त्रीय शिकतात त्यांच्यासाठी हे जरा खोलात लिहिते कारण मला यात फार रस वाटला. ब्लूजचा फॉर्म म्हणजे साचा बारा बारचा, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा म्हणजे एक आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचं. धून वाजवायची, मग एकेकाने त्याच आवर्तनावर सोलो घ्यायचा, शेवटी परत धून. आवर्तन मनात धरून ठेवायची सवय तालामुळे आधीच असते, त्यामुळे इतर मुलं फॉर्ममध्ये हरवत होती तेव्हा ही दर वेळी पहिल्या बारवर सहज येत होती, सरांनी दोनदा विचारलं हे कुठे शिकलीस म्हणून. अवघड गेलं ते वेगळंच. आपल्याकडे तानपुऱ्याचा सा कायम खाली असतो, इथे खालची जमीनच सरकते. पाचव्या बारला कॉर्ड (खाली एकत्र वाजणारे सूर) बदलते, सी सेव्हनवरून एफ सेव्हनवर जाते, आणि मघाशी जो शुद्ध गंधार गोड लागत होता तोच आता बोचतो, कारण नव्या कॉर्डमध्ये कोमल गंधार बसलाय. लेक सारखी तिथे अडकायची. सरांनी कॉर्डचं नाव सुद्धा घेतलं नाही, नुसतं पियानोवाल्याला त्या जागी थांबवून ठेवलं आणि म्हणाले, दोन्ही वाजव आणि तुझं तूच ठरव. ठरवलं तिने. घरी येऊन हार्मोनियमवर आजीला वाजवून दाखवत होती, इथे ग आणि इथे कोमल ग. आणि टाळ्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर द्यायच्या, पहिल्या-तिसऱ्यावर नाही, याची सवय व्हायला आम्हा सगळ्या घरालाच वेळ लागला.

ऐकण्याचा तासही चांगला होता. नुसत्या तारखा नाही, मुलांच्या वयाच्या गोष्टी सांगतात. पुढे फार मोठा सॅक्सोफोनवाला झालेल्या चार्ली पार्करची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली. 1936 साली कॅन्सस सिटीत एका जॅममध्ये (सगळ्यांनी मिळून आयत्या वेळी वाजवायची बैठक) हा पोरगा वाजवताना भरकटला तेव्हा ड्रमर जो जोन्सने झांज काढून त्याच्या पायाशी टाकली. पार्कर नंतर सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगच्या रेकॉर्डवरचे सोलो घोकत बसला आणि परत आला. मग लगेच यंगचा सोलो लावला आणि नुसता गायला लावला, वाद्य हातात न घेता. गाता आलं तरच वाजवता येईल, असं कॅम्पच्या शिक्षकांचं म्हणणं, आणि आमच्या गाण्याच्या ताई वेगळं काही सांगत नाहीत.

आता जे आवडलं नाही ते. सॅक्सोफोनवाली मुलं जास्त आणि बासवाली कमी, हे अशा कॅम्पमध्ये बहुतेक होतंच, पण त्यावर उपाय करायला हवा होता. लेकीच्या कॉम्बोत सुरुवातीला तीन सॅक्स होते, सोलोची पाळी यायला वेळ लागायचा आणि बास वाजवायला कॉलेजचा एक विद्यार्थी दोन खोल्यांमध्ये पळत होता. आम्ही तीन-चार पालकांनी बोलल्यावर त्यांनी एकाला दुसऱ्या ग्रुपमध्ये हलवलं, मग बरं झालं, पण हे नाव नोंदवतानाच कळतं ना? ज्याला उशिरा नोंदवलं त्याला वेटिंग लिस्टवर टाका, सगळ्यांची मजा कमी करू नका. दुसरं, रिहर्सलच्या खोल्या लहान आणि ड्रमचा आवाज भयंकर, कानासाठी इअरप्लग कॅम्पने द्यायला हवेत. आम्ही फार्मसीतून फोमचे आणले, ड्रमवरच्या मुलीलाही दिले. तिसरं म्हणजे शेवटचा कॉन्सर्ट शुक्रवारी दुपारी तीनला. नोकरी करणाऱ्या आईबापांनी काय करायचं? संध्याकाळी सहाला ठेवला असता तर हॉल भरला असता. पोरं आठवडाभर मेहनत करतात आणि समोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, मला खरंच वाईट वाटलं.

आणि वाद्य भाड्याने घेत असाल तर कॅम्पच्या आधी कोणाकडून तरी तपासून घ्या. आम्ही ज्या दुकानातून घेतलेलं त्या सॅक्सचा एक पॅड (भोक बंद करणारी गादी) नीट बसत नव्हता, खालचे सूर लागायचेच नाहीत आणि पोर बिचारी आपलीच फुंक कमी पडते समजत होती. कॅम्पच्या सरांनी आत छोटा लाइट सोडून दाखवलं कुठून हवा जाते ते. रीडही (तोंडाशी बसणारी पातळ पट्टी) दोन-तीन जास्तीच्या द्या, दिवसभर वाजवून फाटतात.

कॉन्सर्टला माझे सासरेही होते, ते आणि सासूबाई पुण्याहून उन्हाळ्यासाठी आलेले. आम्हाला वाटलं कंटाळतील. तर सासरे ट्रम्पेट ऐकून एकदम ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटच्या गोष्टी सांगायला लागले. मूळ गोव्यातल्या हळदोण्याचा हा माणूस, खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, मुंबईत त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेतला नामवंत जॅझ ट्रम्पेटवाला) म्हणायचे, आणि आपल्या सी. रामचंद्रांबरोबर त्याने पुष्कळ काम केलं, 1951 च्या अलबेलामध्ये त्याचा बँड पडद्यावर दिसतो. सासऱ्यांचं बालपण गिरगावातलं, त्यांना हे सगळं तोंडपाठ. नात आणि आजोबा परतीच्या वाटेवर फोनवर अलबेला ऐकत बसले होते आणि ती ट्रम्पेट कुठे येतो ते बोटाने दाखवत होती.

कोणासाठी आहे? वाद्य किमान दीड-दोन वर्षं हातात असलेलं पाहिजे, एक-दोन स्केल न बघता यायला पाहिजेत. अगदी नवीन मुलाला घालू नका, त्याला रडू येईल. पियानो एकट्याने शिकणाऱ्या मुलांना तर मी आवर्जून सांगेन, त्यांना दुसऱ्याबरोबर वाजवायला एरवी मिळतच नाही. लाजरी मुलं चालतात, कॉम्बो लहान असला तर जास्तच चालतात. मुली कमी होत्या, पण वातावरण चांगलं होतं, कोणाला मागे ढकलत नाहीत.

नोंदणी फेब्रुवारीत उघडते आणि सॅक्स-गिटारच्या जागा आधी भरतात. फीमध्ये सवलतीचा फॉर्म वेगळा असतो, तो मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. आणि फोन करून तीन गोष्टी विचाराच, रोज कॉम्बो किती तास, एका कॉम्बोत किती मुलं, आणि प्रत्येक कॉम्बोला स्वतःचा बास आणि ड्रम आहे का. उत्तर गोलगोल आलं तर दुसरा कॅम्प बघा. आम्ही पुढच्या वर्षी परत घालतोय. फ्रीमाँट-युनियन सिटीकडून कोणी येणार असेल तर कारपूलचं आत्ताच बोलू, ड्रमवरच्या मुलीची आई पण तयार आहे.