नाहातला दोजो: दहा दिवस, एकच काता

पुण्याहून नेलेला कराटेचा काळा पट्टा बॅगेतच राहिला. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या नाहा शहरातल्या या छोट्या गोजू-र्‍यू शैलीच्या दोजोत, म्हणजे कराटेच्या तालमीत, सेन्सेईंनी (गुरुजींनी) नवशिक्याचा पांढरा हातात ठेवला. राग आला, खोटं कशाला बोलू! मग आठवलं, क्यू-दानची, म्हणजे पट्ट्यांच्या दर्जांची, उतरंड मुळात ज्यूदोची. कराटेत ती कराटेगुरू गिचिन फुनाकोशींनी १९२४ मध्ये टोकियोत आणली.

दहा दिवस एकच काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम), सान्चिन. तीन पावलं पुढे, श्वास पोटातून, आणि सेन्सेई मागून खांद्यांवर सणसणीत थापा मारतात, अंग कुठे ढिलं पडतंय ते बघायला. मग निगिरी-गामे: लोणच्याच्या बरणीएवढे मातीचे घडे, नुसत्या बोटांनी काठाला धरून चालायचं. तिसऱ्या दिवशी मला चहाचा कप उचलवेना. चि-इशी म्हणजे दांडा ठोकलेला दगड, आपल्या तालमीतल्या मुद्गलाचा धाकटा भाऊच. माकिवारावर, म्हणजे ठोसे मारायच्या फळीवर, मात्र दिवसाला वीसच ठोसे; जास्त मारले की सेन्सेई ओरडतात.

कपडे बदलायची खोली चिंचोळी, पंखा एकच, ऑगस्टचा दमटपणा मुंबईला लाजवणारा. दर महिन्याला पट्ट्याचा नवा रंग हवा असेल तर जाऊ नका. तालीम संपली की सातवा दानवाले आजोबासुद्धा ओलं फडकं घेऊन लाकडी जमीन पुसतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा पंख्याचा कापला.